शेळीला सांगितलेल्या शिव्या

माझी जीभ फार चालते असं माझ्या घरचे लोक सांगतात, आणि त्यात त्यांचा काही खोटेपणा नाही. मी घुग्घुसच्या खाण वसाहतीत वाढले. तिथं नळावर आपला हंडा लावायचा तर हातापेक्षा जीभ जास्त कामाला यायची. मराठीत मी चांगली भांडते, हिंदीत त्याहून बरी भांडते. पण जातीनं मी गोंड, आणि गोंडीत मला कुणाला साधं ‘बाजूला सरक’ म्हणता येत नव्हतं. बापाला खाणीत नोकरी लागली तेव्हा त्यानं गाव सोडलं, आणि गावात जड सामान ठेवून यावं तशी भाषाही तिथंच ठेवून आला. माझ्या वाट्याला आडनाव तेवढं आलं.

लग्न होऊन मी कुरखेड्याकडच्या खेड्यात गेले तर तिथं सगळे म्हातारे गोंडीत बोलायचे, आणि मी दिसले की मराठीवर यायचे, कारण मी शहरातली सून. घुग्घुसला शहर म्हणणारी माणसं मी तिथंच पाहिली. नवरा लाकडाच्या डेपोत नोकरीला. त्याची गोंडी बैल हाकण्यापुरती होती. पुढं बैल विकले आणि तीही गेली.

माझ्या लग्नातली एक गोष्ट मात्र मी विसरले नाही. आमच्याकडे वऱ्हाड मांडवात आलं की दोन्हीकडच्या बाया समोरासमोर उभ्या राहतात आणि गोंडी गाण्यातून एकमेकींची सालटी काढतात. तुमच्या घरचा भात कच्चा, तुमची पोर आळशी, तुमचा पोरगा फेंगडा. नवरीच्या आईनं सुरुवात करायची, नवऱ्या मुलाच्या आईनं उत्तर द्यायचं आणि नवरीच्या आईनं ते तिथल्या तिथं परत करायचं. जी जोरात परत करते तिच्या पोरीला सासरी मान. माझ्या मायला गोंडी अर्धीमुर्धी कळायची, गाता मुळीच येत नव्हती. ती पदराचं टोक दातात धरून उभी राहिली आणि समोरच्या बाया गात राहिल्या, हसत राहिल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या गावात ‘मुक्या मायची पोर’ होते. विहिरीवर, धानाच्या रोवणीत, कुणाच्या बारशात, कुठंही. इतकी बडबडी बाई, आणि तिला हे नाव. मला त्याचा राग यायचा आणि अजूनही येतो.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा राजुऱ्याकडचा, सिमेंटच्या कारखान्यात कामाला. सोयरीक जमवणारे आमच्या नात्यातलेच एक वयस्कर भाऊ होते. त्यांनी मुलाचं कौतुक थोडक्यात उरकलं आणि मुलाच्या आईचं मात्र चवीनं सांगितलं. म्हणाले, “ते लोक अस्सल हायेत बाई. त्यायच्या बाया मांडवात माणसाले उभा सोलते. तू आपली तयारी ठेव.” तयारी कशाची ठेवणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल? माझी सासू ही गाणी गायची, ती वारून बरीच वर्षं झाली होती. जावेला दमा. बाकीच्या बाया मागून सूर धरणाऱ्या. पुढं होऊन सुरुवात नवरीच्या मायनंच करायची. मला एकच दिसत होतं, की मी पदर दातात धरून उभी आहे आणि माझी मुलगी राजुऱ्यात ‘मुक्या मायची पोर’ झाली आहे.

त्याच सुमारास आमच्या गावात भाषा वाचवणारे आले.

जीप आली, फलक आला, त्यावर आमच्याच पलीकडच्या गावच्या म्हातारीचा हसरा फोटो. म्हातारीला दात नव्हते आणि त्या फोटोचं तिला कुणी सांगितलंही नव्हतं. बरोबर शहरातली एक मॅडम. हातमागाची साडी, कपाळावर आमच्यातल्या कुणाही बाईपेक्षा मोठं कुंकू. स्वभावानं मात्र वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. ती म्हणाली, आम्ही इथं शिकवायला नाही, शिकायला आलो आहोत. आणि मग जेवणाची वेळ टळेपर्यंत बोलली. संशोधक आम्ही नाही, तुम्हीच आहात, म्हणाली. आम्हा सगळ्यांच्या गळ्यात ‘सहसंशोधक’ लिहिलेली ओळखपत्रं घातली. म्हातारे ती घालून गुरं चारायला गेले. एक ओळखपत्र मी बैलाच्या गळ्यात पाहिलं. त्या बैलाला गोंडी माझ्यापेक्षा जास्त कळत होती, त्यामुळं मी काही बोलले नाही.

बाजाराच्या दिवशी येणारे बांगडीवाले चाचाही सभेला बसले होते. चाचा मुसलमान, पण बापजाद्यापासून या जंगलपट्ट्यात बांगड्या भरतात, आणि गोंडीत असा भाव करतात की बाई एकाच्या जागी दोन डझन घेऊन उठते. ते म्हणाले, मी पण शिकवतो. मॅडमनं फार नम्रपणे सांगितलं की ही भाषा समुदायाची आहे. चाचा उठले, जाता जाता आमच्या बायांशी गोंडीत काहीतरी बोलले आणि बाया पोट धरून हसल्या. मॅडमनं मला विचारलं, काय म्हणाले? मी समुदायातली. मला काय ठाऊक?

बेत असा होता. ज्या मोठ्या माणसांना गोंडी येत नाही त्यांची, ज्यांना येते त्यांच्याशी जोडी लावायची. दोघांनी रोज थोडा वेळ बसून फक्त गोंडीत बोलायचं आणि मोबाईलवर ते टिपून ठेवायचं. मला ऐकूनच बरं वाटलं. कुठल्याही म्हातारीच्या पायाशी बसेन आणि शिव्या शिकेन असं मी मनाशी ठरवलं. पण निर्णय समुदायाचा, निवड निष्पक्ष, म्हणून मॅडमनं एका पातेल्यात चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी निघाली, आणि तिच्यावर माझ्या भासऱ्याचं नाव.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. एका अंगणात दोन घरं आमची, पण लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी माझ्याशी नाही. ते समोरून आले की मी डोक्यावर पदर घेऊन बाजूच्या वाटेनं जाते, मी दिसले की ते खाकरतात आणि दुसरीकडं बघतात. हा मान आहे आमच्यातला. हे चांगलं की वाईट याच्यावर भाषण करायला माणसं पुष्कळ आहेत, मी फक्त कसं आहे ते सांगते. सुनेनं भासऱ्यापुढं बसून रोज गप्पा मारायच्या, हे म्हणजे आमच्या गावात कुणी स्वप्नातही आणलं नसतं.

चिठ्ठी वाचली तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले. सगळ्यांना कळलं होतं. पण मॅडमला समजावून सांगायचं तर भासऱ्यांच्या देखत त्यांचं नि माझं नातं चर्चेला घ्यावं लागणार, ते त्याहून वाईट. शिवाय पाहुण्याच्या हातून निघालेली चिठ्ठी, तिला नाही कसं म्हणावं? आणि खरं सांगायचं तर अर्ध्या गावाला ही गंमत बघायची होती. मॅडम म्हणाली, “मग सगळ्यांना मान्य?” सगळ्यांनी माना हलवल्या. भासऱ्यांनी जमिनीकडं बघत हलवली, मी पदराआडून हलवली. आमचा समुदाय सहभागी होतो तो असा.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. ते त्यांच्या ओसरीवर, रस्त्याकडं तोंड करून. मी माझ्या दाराच्या आत, त्यांच्याकडं पाठ करून, मोहफुलं निवडत. मधे अंगणात पाटावर मोबाईल. कोंबड्या येऊन त्याच्याभोवती बोलून जायच्या. आठवडाभर आम्ही असं संशोधन केलं.

मॅडम ते ऐकायला आली. कानाला यंत्र लावून, डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली. मला वाटलं आता रागावणार. तर तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, पिढ्यान्‌पिढ्या भाषा दाबली गेली की माणसं अशी मुकी होतात, हे मौन फार बोलकं आहे. तिनं ते मौन पुढं कुठल्याशा मोठ्या सभेत ऐकवलंही म्हणे, आणि तिथंही लोक गहिवरले. ते मौन नव्हतं, ती माझी लाल कोंबडी होती. पण एवढी शिकलेली बाई रडत असताना कोंबडीचा विषय कसा काढायचा?

मॅडम गेली तेव्हा भासरे ओसरीवरच होते. ते तरुणपणापासून लग्नात ढोल वाजवणारे. आसपासच्या सगळ्या मांडवांत बायांनी बायांना दिलेली प्रत्येक शिवी त्यांच्या कानांवरून गेलेली. माझी अडचण त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती, कारण मी ती अंगणात उभी राहून नवऱ्याला रोज ओरडून सांगत होते. अंगणात खांबाला आमची शेळी बांधलेली असायची, काळी, एका कानानं लुळी. भासरे तिच्याकडं वळले आणि तिला गोंडीत, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारलं की बाई, तुला तहान लागली का?

शेळीनं त्यांच्याकडं बघितलं. मी पण पदराआडून बघितलं. ‘येर’ म्हणजे पाणी एवढं मला येत होतं. मी उठले, बादलीत पाणी आणलं, शेळीपुढं ठेवलं, आणि शेळीलाच म्हणाले, “येर.” भासऱ्यांनी शेळीला सांगितलं की नुसतं पाणी म्हणून भागत नाही, ‘मी पाणी आणलं’ असं पूर्ण म्हणावं. मी शेळीला पूर्ण म्हटलं.

त्या दिवसापासून ती शेळी फार शिकली. सकाळी ती काय खाणार, रात्री अस्वल कुणाच्या वावरात आलं होतं, कुणाची सून माहेरी का गेली, सगळं तिला सांगितलं जायचं. ती चुकली की भासरे तिच्यावर चिडायचे. म्हणायचे, या शेळीच्या डोक्यात भुसा आहे. मी शेळीला म्हणायचे, शिकवणाऱ्याला नीट शिकवता येईना तर शेळीनं काय करावं? हे म्हणताना मी पदर आणखी पुढं ओढायचे, पण मी शेळीशी बोलत होते, कायद्यानं मला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. ओसरीवरून खोकल्याचा आवाज यायचा. इतक्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

वाक्यं बऱ्यापैकी जमल्यावर त्यांनी शेळीला लग्नाची गाणी सांगायला घेतली. चाल नाही, नुसते शब्द, कारण मांडव नसताना ती गाणी गात नाहीत. चाल इतक्या मांडवांत ऐकून माझ्या कानात होतीच. काय एकेक शब्द होते! मी नळावरची, पण माझेही कान तापले. व्याह्याच्या मिशीपासून विहिणीच्या चुलीपर्यंत काही सोडलेलं नव्हतं. आणि ती सगळी चिखलफेक भासरे गंभीर चेहऱ्यानं, जणू देवाचं सांगत असावेत तशी, लुळ्या कानाच्या शेळीला सांगत होते.

मॅडमच्या लोकांनी हेही ऐकलं आणि जोडीवर शेरा मारला की ज्येष्ठ व्यक्ती शिकणाऱ्याशी संवाद न साधता जनावराशी बोलते. एकानं हळूच मला विचारलं, त्यांचं डोकं ठीक आहे ना? मी सांगितलं, शेळीचं विचारता का?

शेवटी तालुक्याच्या सभागृहात समारंभ झाला. प्रत्येक जोडीनं मंचावर येऊन गोंडीत बोलायचं. एका गुरुजींनी ‘हे झाड आहे, झाडावर पक्षी आहे’ असं म्हटलं आणि टाळ्या झाल्या. मग आम्हाला बोलावलं. समोरासमोर दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. भासऱ्यांनी आपली खुर्ची उचलून भिंतीकडं वळवली. मी पदर घेतला. माझ्या डोक्यात तोवर इतकी गोंडी साठली होती की अख्ख्या सभागृहाची पूजा बांधली असती, पण मी बोलू कुणाशी? शेळी घरी होती. मॅडम हळू आवाजात धीर देत होती, “बोला ताई, घाबरू नका, ही तुमचीच भाषा आहे.” मी तशीच उभी राहिले. पदराचं टोक केव्हा दातात गेलं ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी ते थुंकून टाकलं आणि मंचावरून खाली उतरले. आम्हाला प्रमाणपत्र मिळालं नाही. घरी येताना बसमध्ये भासरे पुढं बसले होते, मी मागं, आणि मी खिडकीकडं तोंड करून रडले. प्रमाणपत्र गेलं चुलीत. मांडवात हेच होणार, याची मला भीती वाटत होती.

लग्न जवळ आलं तेव्हा नवऱ्यानं त्या शेळीवर हात फिरवून बघितलं आणि म्हणाला, वऱ्हाडाला हिचं जेवण बरं होईल. मी म्हटलं, तिला हात लाव, मग तुझं काय होतं ते बघ. त्याला वाटलं मी वेडी झाले. ओसरीवरून भासरे पहिल्यांदा मधे पडले. धाकट्या भावाला एवढंच म्हणाले, “दुसरी शेळी पाय. हे शिकली-सवरली हाय.”

वऱ्हाड आलं. डीजेचा टेम्पो पुढं, त्याच्यामागं राजुऱ्याच्या बाया. मधे विहीण, माझ्याहून वीतभर उंच, कडक साडी, ताठ मान. तिच्याकडं बघून मी मनात पहिलं कडवं म्हणून घेतलं. आमच्या बाया माझ्यामागं उभ्या राहिल्या. कुणीतरी डीजे बंद करायला लावला. मागं भासरे ढोल घेऊन बसले होते. भासऱ्यापुढं बोलायची बंदी, गाण्याला मात्र ती नाही. गाणं समोरच्या विहिणीला असतं, पाठीमागच्या माणसाला नाही. मी त्यांच्याकडं पाठ केली. ढोल वाजायला लागला आणि मी तोंड उघडलं.

मी गायले. पहिल्या कडव्यातच तिच्या पोराला धरलं. तिच्या पोराचे पाय इतके फेंगडे की मधून कोंबडी पिलांसकट जाईल. तिची चूल इतकी थंड की मांजर आत बाळंत होईल. तिचं वऱ्हाड इतकं भुकेलं की पत्रावळीही ठेवणार नाही. आमच्या बायांनी मागून असा सूर धरला की मांडव हलला. मी शेवटचं कडवं संपवलं, कमरेवर हात ठेवले आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले. माझी सगळी तयारी त्या उत्तरासाठी होती. त्या उत्तराचं उत्तरही शेळीला पाठ होतं.

समोरून काहीच आलं नाही. त्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. विहीण हात जोडून हसली, जणू मी तिची आरती गायली होती. झाकली मूठ होती ती. अस्सल होती ती तिची सासू, हे मागून कळलं, आणि ती कधीच गेलेली. त्यांच्यात कुणाला एक शब्द कळला नव्हता.

मी जिंकले होते. माझ्या मुलीला आता कुणी काही म्हणणार नव्हतं. आणि मला इतकं वाईट वाटलं की मी तिथंच खाली बसले. शिवी द्यायला समोर ती कळणारं माणूस लागतं, नाहीतर माणसात आणि माझ्या कोंबडीत फरक काय राहिला? मी वर बघितलं तर विहीण अजून हसत होती, पण तिच्या पदराचं टोक दातात होतं.

पंगती उठल्यावर ती मी भांडी घासत होते तिथं आली. साडी आवरून माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि कुणी ऐकत नाही ना हे बघून म्हणाली, “बाई, खरं सांग. तू मले काय काय बोलली?”

मी सांगितलं. सगळं, मराठीत, काही न गाळता. पायांचं ऐकून ती हसली. चुलीचं ऐकून तिचा चेहरा पडला, मग लाल झाला. तिनं माझ्यापुढचं एक पातेलं ओढून घासायला घेतलं. मग म्हणाली, “मले शिकव. मले तुले उत्तर देणं हाय.”

आता ती राजुऱ्याहून फोन करते. मी तिला माझीच निंदा शिकवते, आणि ती नीट म्हणेना तर तिच्यावर ओरडते. भासऱ्यांना विचारून घेते, म्हणजे शेळीला विचारते. भाषा वाचवणाऱ्यांचा प्रकल्प संपला, फलक कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्रीच्या जागी आहे, त्यावरची बिनदाताची म्हातारी पावसापाण्यात अजून हसते आहे.

परवा विहिणीचा फोन आला. ना रामराम, ना मुलीची खुशाली. तिनं एका दमात, न अडखळता, मी शिकवलेलं नाही असं काहीतरी गोंडीत म्हटलं. माझ्या जिभेबद्दल होतं, आणि माझ्या मायबद्दलही. कुठल्या म्हातारीकडून मिळवलं कोण जाणे. मला शब्दन्‌शब्द कळला आणि असा झोंबला की मी फोन धरून अंगणात उभीच राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसूही आवरेना.

ओसरीवर भासरे बसले होते. त्यांनी खाकरून तोंड फिरवलं आणि शेळीला म्हणाले, “फोन ठेवू नको म्हण तिले. समोरची वाट पाहून राह्यली.”